कुडची ते उगार खुर्द : पूल कुठला धरायचा

कुडचीहून उगार खुर्दला (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) चालत जाताना कृष्णा नदी ओलांडायला कुणीतरी रेल्वेचा पूल सुचवलाय. कृपा करून तसं करू नका. रुळांवरून चालणं रेल्वे कायदा 1989, कलम 147 प्रमाणे गुन्हा आहे, आणि गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. मिरज-जमखंडी रस्त्याचा पूल धरा. महापुरात तोही पाण्याखाली जातो, म्हणून पावसाळा सोडाच. दिवाळीनंतरही अवकाळी पाऊस झाला तर दोन दिवस थांबा. काळी माती बुटाला किलोकिलोनं चिकटते. गाळपाच्या हंगामात उसाचे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर येतात, वळणावर मागची ट्रॉली आत कापते, तेव्हा आतल्या कडेला उभं राहू नका. पाण्यात मात्र उतरूच नका, कृष्णेत मगरी आहेत. थंडीत त्या काठावर उन्हाला येतात.