किरणोत्सवात डोळ्यांत पाणी आलं, म्हणून माणूस बदलतो का?

उद्यमनगरवाला
कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव आपल्याला पाठ आहे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. परत ९, १०, ११ नोव्हेंबर. किरणं आधी मूर्तीच्या पायांवर, मग छातीवर, मग मुखावर. गाभाऱ्यातले दिवे घालवलेले, मावळतीचं ऊन पितळी उंबरा ओलांडून आत सरकतंय, गर्दी चिडीचूप, शेजारचा ढसाढसा रडतोय. बाहेर आला की म्हणणार, 'आयुष्य बदललं.' आणि पार्किंगात गाडी अडली की त्याच तोंडानं आई-बहिणीचा उद्धार. माझं म्हणणं सरळ आहे: असल्या क्षणांनी माणूस सुधारत नाही. त्याला बरं वाटतं, बास. पटत नसेल त्यांनी बोला.

गंगावेशची_सून
दादा, एका पार्किंगवरनं सगळ्यांचा निकाल लावलासा की ओ. सासरे गेल्यापासून आमच्या सासूबाई उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या. नोव्हेंबरात बळंच नेलं. घरी येऊन एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांचं कपाट उघडलं, एकेक शर्ट झटकून घडी घातली, दोन ठेवले, बाकीचे देऊन टाकले. ह्याला काय म्हणायचं मग?

दुर्बीणवाला
यात गूढ काही नाही. २२ डिसेंबरच्या आधी आणि नंतर साधारण ४२ दिवसांनी सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो, म्हणून वर्षात दोनदा. ढग, धूळ, वाटेतल्या इमारती आडव्या आल्या की किरण मुखापर्यंत पोचत नाहीत. त्या वर्षी आलेल्यांची प्रगती खुंटली म्हणायची का?

गंगावेशची_सून
गूढ म्हटलं कुणी? गणित कळूनही काटा येतोच की अंगावर.

निवृत्त_मास्तर
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं १९०१-०२ मध्ये एडिंबराला व्याख्यानं दिली, त्यात अशा अनुभवाच्या चार खुणा सांगितल्या: शब्दांत मावत नाही, काहीतरी कळल्याची खात्री पटते, फार वेळ टिकत नाही, आणि आपण तो घडवत नाही, तो आपल्यावर येतो. यातली दुसरी खूण धोक्याची. खात्री पटली म्हणजे खरं कळलंच, असं नव्हे. म्हणून जेम्स फळावरून पारख करायला सांगतो. एकाच्या शिव्या आणि एकीचं कपाट, दोन्ही त्या पारखीला लावा.

पुढं मानसशास्त्रज्ञ मॅस्लोनं हे 'शिखरानुभव', म्हणजे अत्यानंदाचे उत्कट क्षण, गाजवले. पण १९६७ च्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर तोच पठाराची भाषा बोलू लागला: शांत, टिकाऊ, सरावानं जोपासता येणारी अवस्था. (पन्हाळ्याला जाऊन मसाई पठार न बघताच परतणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.)

लाल_माती
मास्तर, तालमीत हेच असतंय. एखाद्या दिवशी अंगात हत्ती शिरल्यागत वाटतंय. पण वस्ताद मोजतो ते दुसऱ्या दिवशी पहाटे कोण आखाड्यात उतरला ते. मात्र तो दिवस आलाच नाही, तर निम्मी पोरं थंडीत उठायचीच नाहीत. म्हणून दादांचं 'बास' मला मान्य नाही.

उद्यमनगरवाला
उठायचं निमित्त म्हणा, चालेल. सुधारणा म्हणू नका. ताईंच्या सासूबाईंना सावरलं ते घरच्या माणसांनी. त्याचं श्रेय किरणाला कशाला?

गंगावेशची_सून
घरची माणसं आधीपासून सांगतच होती दादा, कपाट उघडलं नव्हतं. आणि श्रेय वाटायलाच बसलाय तर थोडं इकडं पण सरकवा, त्या दिवशी रिक्षा मी ठरवली होती.