नातेशब्द गोळा करताना वंशावळीचा तक्ता कसा भरायचा?

पाटीपेन्सिल
एम.ए.च्या फील्डवर्कसाठी सातारा भागातल्या एका गावात नातेशब्द गोळा करायचे आहेत. यादी घेऊन 'आत्याच्या नवऱ्याला काय म्हणता' असं विचारत गेलं की उत्तरं भराभर मिळतात, पण दोन घरांची जुळत नाहीत. कुणी आतोबा म्हणतं, कुणी मामा, कुणी काका. 'भाऊ किती' विचारलं तर एकजण तीन सांगतो, त्याचाच सख्खा भाऊ चुलत धरून अकरा. दुसरं असं की सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणते. यावरून 'मामाची मुलगी करण्याची इथे चाल आहे' असं थेट लिहिता येईल का?

निंबोणी
यादी आधी बाजूला ठेवा. यादीवरून विचारलं की समोरचा आपल्या घरातलं सांगत नाही, 'बरोबर' काय असावं ते सांगतो. आधी माणसं, मग त्यांची एकमेकांशी जोडणी, आणि शब्द सगळ्यात शेवटी.

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रिव्हर्सने १९१० साली वंशावळ-पद्धत लिहून काढली ती नेमक्या याच अडचणीसाठी. प्रश्नात आई, बाप, मूल, नवरा, बायको एवढेच शब्द वापरायचे. भाऊ, काका, मामा हे शब्द आपल्या तोंडून जाता कामा नयेत, कारण त्यांची व्याप्ती किती हेच तर शोधायचं आहे. म्हणून 'भाऊ किती' नाही. 'तुमच्या आईला मुलं किती झाली, थोरल्यापासून सांगा'. त्यानंतर 'वडिलांचं आणखी एखादं लग्न झालं होतं का' हा स्वतंत्र प्रश्न, नाहीतर सावत्र भावंडं एकतर गळतात किंवा सख्ख्यांत मिसळून जातात.

ए-थ्री कागद आडवा घ्या, पेन्सिलने काढा. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, भावंडांना डोक्यावरून आडवी रेघ, वारलेल्याला तिरपी रेघ. ज्याच्यापासून नातं मोजायचं तो 'ईगो', त्याचं चिन्ह भरून काळं करा. वर दोन पिढ्या आणि खाली दोन पुरतात. तेवढ्यातही एका घराचा तक्ता सत्तर-ऐंशी माणसांवर सहज जातो, म्हणून चिन्हाखाली नावं कोंबू नका. नुसता क्रमांक टाका आणि वहीत रकाने पाडा: क्रमांक, नाव, जन्मक्रम, माहेरचं गाव, सासरचं गाव, हयात की नाही, माहिती कुणी दिली. माहेरच्या गावाचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण पुढे लग्नांची पडताळणी त्याच्यावरच होते. संक्षेप इंग्रजी वापरणार असाल तर बहिणीला 'झेड' लिहा. 'एस' मुलासाठी राखलेला असतो. मामाची मुलगी म्हणजे एमबीडी: आई (एम), तिचा भाऊ (बी), त्याची मुलगी (डी).

कोण गळतं ते ठरलेलं आहे: लहानपणी गेलेली मुलं, बिनलग्नाचे, पहिली बायको, दत्तक गेलेला मुलगा आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींची मुलं. पुरुषांना बापाच्या बाजूची साखळी पाठ असते, सोयरिकींची नसते. तोच तक्ता घरातल्या थोरल्या बाईपुढे पुन्हा ठेवा आणि तिने घातलेली भर वेगळ्या रंगात नोंदवा.

माणसं भरून झाली की मग शब्द. प्रत्येक क्रमांकाला तीन प्रश्न: यांच्याबद्दल दुसऱ्याला सांगताना काय म्हणता, समोर काय हाक मारता, ते तुम्हाला काय म्हणतात. तिसरा बहुतेकजण विसरतात.

चावडीवाचक
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, थेट लिहिता येणार नाही. हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ क्रोबरने १९०९ मध्ये म्हटलं की नातेशब्द भाषेचं आणि विचारपद्धतीचं वर्गीकरण दाखवतात, त्यांवरून विवाहाचे नियम काढायला जाऊ नये. रिव्हर्सने १९१४ मध्ये उलट बाजू घेतली, की शब्दांमागे सामाजिक चाल असते. मराठीचा मासला दोघांनाही सोयीचा आहे.

रिव्हर्सच्या बाजूने पाहा. मुलगी आत्याच्या घरी दिली तर सासू खरोखरच आत्या. बऱ्याच गावांत आत्याच्या नवऱ्यालाही मामा म्हणतात, म्हणजे सासरा मामा झाला. बहिणीचा नवरा आणि बायकोचा भाऊ दोघेही मेहुणे. दोन घरांत साटंलोटं झालं तर तो एकच माणूस असतो. बाईच्या भावाचा मुलगा भाचा आणि पुरुषाच्या बहिणीचा मुलगाही भाचा, पण पुरुषाच्या भावाचा मुलगा पुतण्या. सगळं इतकं छान जुळतं की निष्कर्ष लिहायला हात शिवशिवतो.

आता क्रोबरकडून. मामाची मुलगी देशस्थांत चालते, कोकणस्थांत चालत नाही. पण मामंजी हा शब्द कोकणस्थ घरांतही रुळलेला होता. मावशीही बहिणीच्या मुलाला भाचाच म्हणते, तिथे 'बाईला भावाचा आणि पुरुषाला बहिणीचा मुलगा तेवढा भाचा' ही वरची मांडणी सैल पडते. आणि आईवडिलांच्या भावंडांच्या मुलांसाठी आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस असे चार वेगळे शब्द आहेत. दक्षिणेतल्या द्राविड पद्धतीत चुलत आणि मावस भावंडं सख्ख्यांसारखीच धरतात, आते-मामे भावंडं तेवढी वेगळी. म्हणजे शब्दांचा एक थर दक्षिणेकडे बोट दाखवतो, दुसरा नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये महाराष्ट्राला मध्य विभागात, उत्तर आणि दक्षिणेच्या सांध्यावर ठेवलं ते उगाच नाही.

म्हणून शब्द एका तक्त्यात, झालेली लग्नं दुसऱ्यात. वंशावळीतली प्रत्येक सोयरीक मोजा: एकूण किती, त्यातली सख्ख्या मामाच्या मुलीशी किती, चुलत मामाच्या मुलीशी किती, आत्याच्या मुलीशी किती. 'मामाचीच केली' हे उत्तर तसंच उतरवू नका. आईच्या चुलतभावाची मुलगीही त्यात खपते. 'तुमची आई आणि मुलीचे वडील एकाच आईच्या पोटचे का' असं विचारा. पिढीवार आकडे वेगळे ठेवलेत तर चाल टिकली की नुसता शब्द उरला ते आपोआप दिसेल.

पाटीपेन्सिल
दोघांचे आभार. दोन अडचणी राहतात. वयस्क बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सासऱ्याचं तर नाहीच. आणि आतोबा, मामा, काका यातला कुठला शब्द तक्त्यात धरायचा?

अक्षांश
तिन्ही धरा. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ पाइकने १९५४ मध्ये एटिक-एमिक हा भेद मांडला, तो इथे कामाला येतो. 'बापाच्या बहिणीचा नवरा' ही तुमची मोजपट्टी, एटिक. ती सगळ्या घरांना एकच. तिथे कुठला शब्द बसतो आणि तोच शब्द आणखी कुणाकुणाला लागतो, ही त्या घराची एमिक मांडणी. एक शब्द 'प्रमाण' ठरवून बाकीचे खोडले की तुमची सामग्रीच गेली. शब्दाशेजारी बोलणाऱ्याचं वय, जात आणि माहेर लिहा. आतोबा सासूकडून आणि काका शहरातल्या नातवाकडून आला असेल, तर ती विसंगती नव्हे. हाक आणि उल्लेख मात्र मिसळू नका: दीर हा उल्लेख, भाऊजी ही हाक. रिक्षावाल्याला काका, कामाला येणाऱ्या बाईंना मावशी, हे नातेशब्दांच्या तक्त्यात नको. त्याची नोंद संबोधनांच्या पानावर.

नाव न घेणं ही अडचण कमी, माहिती जास्त. कोण कुणाचं नाव टाळतं याचाच एक रकाना करा. रिव्हर्सलाही निलगिरीच्या तोडा लोकांत हे भोवलं होतं: मेलेल्या नातलगांची नावं घेणं तिथे निषिद्ध, म्हणून एका कुटुंबाची वंशावळ त्याला दुसऱ्यांकडून काढावी लागली. (त्याच लोकांत बाप कोण हे गरोदरपणातल्या धनुष्यबाणाच्या विधीने ठरायचं, एकीला अनेक भाऊ नवरे असल्यामुळे. तेव्हा तुमच्या वहीत 'बाप' म्हणजे जन्मदाता की समाजाने मानलेला, हे पहिल्याच पानावर लिहून टाका.) तुमच्याकडे सोपं आहे. नाव नणंदेला किंवा मुलाला विचारा, आजीला आग्रह करू नका. चारचौघी बसल्या असतील तर उखाणा घ्यायला सांगा. नाव त्यात येतं, आणि कुणाचं नाव उखाण्यातसुद्धा घेत नाहीत तेही कळतं.