मदत हवी आहे: बाळाची वाढ कमी, रक्ततपासणीच्या आकड्याचा अर्थ काय?

बहिणीला ३१वा आठवडा चालू आहे. सोनोग्राफीत बाळाचं वजन दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली (म्हणजे त्याच आठवड्याच्या सर्वांत हलक्या दहा टक्के बाळांत) आलंय, नाळेतला रक्तप्रवाह बघणारा डॉपलर मात्र नॉर्मल. रक्तातल्या एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ या वारेशी संबंधित दोन प्रथिनांचं गुणोत्तर ६० आलं. ३८ किंवा त्याखाली असेल तर आठवडाभरात प्रीएक्लॅम्पसियाची (गरोदरपणात बीपी वाढण्याच्या गंभीर आजाराची) शक्यता फार कमी, आणि ३४ आठवड्यांआधी ८५च्या वर गेलं तर संशय बळावतो, एवढं वाचलंय. पण हे आकडे प्रीएक्लॅम्पसियाचे, आणि तिचं बीपी तर अगदी ठीक आहे! मग बाळ मुळातच लहान चणीचं आहे की वार (प्लॅसेंटा) नीट काम करत नाहीये, हे यावरून कळतं का? तपासणी परत कधी करतात? निर्णय डॉक्टरांचाच, पण पुढच्या भेटीत त्यांना नेमकं काय विचारावं?