कंपनीला फक्त दंड आणि भाजीवालीला कैद?

खाडीकाठची:
काल एकाने लिहिलंय की पर्यावरण कायद्यातली कैद काढली ते बरंच झालं, उद्योगांच्या डोक्यावरची टांगती तलवार गेली, प्रदूषण शेवटी लोकांच्या सवयींनीच कमी होतं. वाचून डोकं फिरलं. १९८६ च्या कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद होती, २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती गेली, आता १० हजार ते १५ लाख दंड, आणि तो ठरवणार सरकारने नेमलेला अधिकारी. एकाच बिलात ४२ कायदे बदलले, त्यात हा पण. आपल्या खासदाराने यावर तोंड उघडलेलं कुणी ऐकलंय?

माझं माहेर खाडीकाठी. बाबा पाग टाकायचे, म्हणजे मासे धरायचं फेकजाळं. पहिला मोठा पाऊस झाला की वरच्या कारखान्यांतून रात्री पाणी सोडायचे आणि सकाळी काठाला बोयटं पोट वर करून पडलेली. बाबा एक उचलून कल्ला उघडून दाखवायचे, लालचा काळपट झालेला, बोटाला चिकट लागायचा. तक्रार केली की सॅम्पल घ्यायला माणूस चौथ्या दिवशी, तोवर सात-आठ भरत्या येऊन सगळं धुऊन गेलेलं. मतं मागायला मात्र सगळे पक्ष त्याच धक्क्यावर यायचे. बाबांनी कुठली सवय बदलायला हवी होती ते सांगा.

बॉयलरवाला:
ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं, पण १५ वर्षं केमिकल प्लांटला आहे म्हणून लिहितो. कैद पुस्तकात होती तेव्हा किती मालक आत गेले? भोपाळ बघा. १९८४ ची रात्र, निकाल २०१० ला, २ वर्षं शिक्षा आणि लगेच जामीन. कंपनीचा प्रमुख अँडरसन तर खटल्याला उभाच राहिला नाही, २०१४ ला अमेरिकेतच मेला. कैदेच्या कलमाचा खरा उपयोग तपासणीला येणाऱ्या साहेबाला, कलम दाखवायचं आणि पाकीट घ्यायचं. दंड निदान वसूल तरी होईल. आणि नाही भरला तर ३ वर्षांपर्यंत कैद अजून आहेच, ते सोयीस्कर विसरलात.

खाडीकाठची:
भोपाळचा खटला या कायद्याखाली नव्हताच, हा कायदाच भोपाळनंतर आला! आणि शिक्षा झाली नाही म्हणून कलमच काढायचं, मग चोऱ्या पकडल्या जात नाहीत म्हणून चोरीचं पण काढा. फोक्सवॅगनने गाड्यांच्या धुराच्या चाचणीत फसवलं, त्यात अमेरिकेत २०१७ ला मॅनेजरला ७ वर्षं झालीच ना? १५ लाख म्हणजे मोठ्या कंपनीला सांडपाण्याचा प्लांट चालवण्यापेक्षा दंड भरणं स्वस्त.

नीलमोहर:
कैद गेली कुठे, कॅरीबॅगला आहे की! आपल्या राज्याची २०१८ ची प्लास्टिकबंदी, पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि ३ महिने कैद. माझी मावशी स्टेशनबाहेर भाजी विकते. मेथीच्या जुडीखाली पिशव्यांचा गठ्ठा सापडला, ५ हजारची पावती. त्या दिवशी गल्ला ७०० पण नव्हता. पावती अजून देव्हाऱ्यात ठेवलीय तिने, परत कुणी आलं तर दाखवायला.

अर्धपान:
मावशीबद्दल आदर आहे पण बंदी बरोबरच आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत छातीभर पाण्यात चाललोय मी, नाल्यातून काय निघालं ते डोळ्यांनी बघितलंय. गरीब म्हणून कायदा नको हे चालणार नाही.

नीलमोहर:
कायदा नको कुठे म्हटलं? पिशवी मावशीने घरी बनवली का? बनवणारा कारखाना सोडून टोपलीत हात घालायला येतात, त्यावर बोला.

अर्धपान:
गिऱ्हाईक मागतं म्हणून ती ठेवते. तुम्ही स्वतः कापडी पिशवी नेता का, खरं सांगा.

नीलमोहर:
१२ वर्षं नेतेय. माझ्या घरात डोकावू नका.

खाडीकाठची:
बघा, परत सवयींवर आलात! कालच्या पोस्टला हेच तर हवं होतं, आपण पिशव्यांवरून भांडायचं आणि खाडीत पाइप चालू.

बॉयलरवाला:
१५ लाख कमी आहेत हे मान्य करतो, दंड टर्नओव्हरच्या टक्क्यात हवा. आणि एक सांगतो, कुणाला पटो न पटो. आधीच्या कंपनीत सांडपाण्याच्या ट्रीटमेंटमध्ये हवा सोडणारा ब्लोअर ३ आठवडे बंद होता, लॉगबुकात मात्र दर तासाला पीएच ७.२, ७.२, ७.२, म्हणजे सगळं ठीक. वरून फोन होता.

खाडीकाठची:
त्या वहीवर सही कुणाची? मालकाची?

बॉयलरवाला:
माझी. म्हणून म्हणतोय, कैद ठेवली असती तर आत मी गेलो असतो, फोन करणारा नाही.

खाडीकाठची:
मग फोन करणाऱ्याला कैद हवी असं लिहा ना, त्याच्यासाठी मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण ती सही तुम्ही केलीत. खाली कुणीतरी पाग टाकून उभं होतं.

नीलमोहर:
अर्धपान, पिशवीच्या कारखान्याचं उत्तर राहिलंय.