रिकाम्या बाकांसमोरची पहिली उपासना
उपासना घरबसल्या मोबाईलवर होत असताना चर्चमध्ये परतण्याचा आग्रह कशासाठी, या प्रश्नाला पुण्यातील आमच्या मराठी मंडळीचा अनुभव जोडावासा वाटतो. कोरोनामुळे बंद असलेली राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, परत खुली झाली. त्यानंतरच्या रविवारी एकेक बाक सोडून बसलेल्या, मुखपट्टीआडून दबक्या आवाजात गीते गाणाऱ्या आम्हाला, ज्यांच्या अंत्यविधीलाही जाता आले नव्हते त्यांच्या नेहमीच्या जागा प्रथमच रिकाम्या दिसल्या आणि तो शोक एकत्र करता आला. प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ एकत्र वाटून घ्यायची, भाकर पडद्यावरून हाती येत नाही. मात्र अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांसाठी थेट प्रक्षेपण चालूच ठेवावे, असे मी आग्रहाने म्हणेन.