४×५ इंची शीट फिल्मसाठी लिक्विड डेव्हलपर कोणता घ्यावा? (टाकीचं पाणी ३१ डिग्री!)

अकोल्याचा_बेलो
नमस्कार मंडळी. दिवाळीत एक जुना ४×५ फील्ड कॅमेरा मिळाला, तेव्हापासून डी-७६ या डेव्हलपरची (फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल) पावडर कालवून बाथरूममध्ये ट्रेमध्येच शीट धुतोय. फिल्म बहुतेक एफपी४, कधीतरी एचपी५. महिन्याला जेमतेम सहा-आठ शीट होतात, त्यामुळे कालवलेला लिटरभर स्टॉक अर्ध्याहून जास्त पडून राहतो आणि शेवटी ओतून द्यावा लागतो, जीव तुटतो अगदी. म्हणून आता लागेल तेवढंच बाटलीतून काढता येईल असं लिक्विड हवंय. एचसी-११०, रोडिनाल, डीडी-एक्स ही तीन नावं सारखी कानावर येतात. अडचण एवढीच की मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी सकाळी सहालाही ३१ डिग्री असतं. प्रिंट मोठा करणारं एन्लार्जर नाही, निगेटिव्ह कागदावर ठेवून त्याच मापाचा कॉन्टॅक्ट प्रिंटच काढतो. काय घेऊ?

वाईची_अंधारखोली
एचसी-११०, बाकी विचारच नको. १+३१ (एक भाग कॉन्सन्ट्रेट, ३१ भाग पाणी) म्हणजे डायल्युशन बी, एफपी४ ला २० डिग्रीला ९ मिनिटं. चार शीट म्हणजे एका रोलएवढंच क्षेत्रफळ, त्याला ६ मिली कॉन्सन्ट्रेट पुरे. पूर्वी पाकासारखं घट्ट यायचं, मेजरिंग ग्लासला चिकटून निम्मं तिथेच राहायचं, २०१९ नंतरचं पातळ आहे पण मी अजूनही सुई नसलेल्या सिरिंजनेच काढतो कारण एवढ्या कमी मापात एक मिली इकडेतिकडे झाला तरी निगेटिव्हवर दिसतं.

पंचगंगेकाठी
वाईकर, तुमच्याकडे थंडीत ठीक आहे हो, पण अकोल्यात मे महिन्यात बी डायल्युशन नको. एचपी५ ला बी मध्ये २० डिग्रीलाच फक्त ५ मिनिटं आहेत, पाणी गार करून २६ वर आणलं तरी ती तीनच्याही खाली येतात. ट्रेमध्ये सहा शीट एकेक करून आत सरकवायलाच अर्धं मिनिट जातं. मी हे करून बसलोय, घाटावर पहाटे घेतलेली शीट, आभाळ अगदी मोकळं, आणि प्रिंट काढला तर दोन्ही कडांना पांढुरके पट्टे. कडांना जास्त ढवळलं गेलं आणि मधल्या भागाला बरोबरीला यायला वेळच मिळाला नाही. ती पहाट काही परत आली नाही.

म्हणून माझं मत रोडिनाल. १८९१ पासूनचं आहे, बाटली अर्धी झाली, आतलं गडद तपकिरी झालं तरी वर्षानुवर्षं काम देतं, महिन्याला सहा शीटवाल्याला हेच हवं. १+५० ला एफपी४ ची वेळ २० डिग्रीला १५ मिनिटं, म्हणजे २६ ला अंदाजे नऊ धर आणि एक शीट टेस्टला घालव. हात चालवायला भरपूर वेळ मिळतो. लोक म्हणतात ग्रेन (चित्रातले बारीक कण) रव्यासारखं येतं, ते ३५ एमएमवर खरंय, पण ४×५ च्या कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये भिंग लावूनसुद्धा सापडत नाही. चार शीटला १० मिली तरी घाल, त्याहून कमी नको. आणि ग्लोव्हज घालच, ते चांगलंच अल्कली आहे.

ठाणे_४बाय५
डीडी-एक्सबद्दल थोडं. सावलीतलं डिटेल फार सुंदर देतं, मला स्वतःला तेच सगळ्यात आवडतं. पण १+४ ने कालवायचं म्हणजे फिल्म धुण्याच्या अर्ध्या लिटरच्या टँकला १०० मिली गेलं, लिटरच्या बाटलीत दहा वेळा, बस. शिवाय एकदा उघडली की काही महिन्यांत संपवावी लागते. तुझ्या हिशोबात बसत नाही.

अकोल्याचा_बेलो
पंचगंगा, पटलं एकदम. रोडिनालच मागवतो. पाणी २६ वर आणायला ट्रेमध्ये बर्फ टाकू का?

पंचगंगेकाठी
ट्रेमध्ये अजिबात नको, वितळला की डायल्युशन बिघडतं. तुमच्याकडे हवा कोरडी आहे, रात्री माठ भरून ठेव, माठातलं पाणी सकाळी बरंच खाली आलेलं असतं, त्यातच केमिकल कालव. ट्रे मोठ्या टबात ठेवून टबाच्या पाण्यात बर्फाची पिशवी सोड. फिक्सर (डेव्हलपरनंतर चित्र पक्कं करणारं केमिकल) आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाला हवं, गरमीत फिल्मवरचं जिलेटिन मऊ पडतं आणि नखानेसुद्धा ओरखडा उठतो.

अकोल्याचा_बेलो
आणि आधी साध्या पाण्यात भिजवायचं का? काही जण नको म्हणतात.

वाईची_अंधारखोली
ट्रेमध्ये एकाहून जास्त शीट असतील तर भिजवच, दोन मिनिटं, एकेक करून, नाहीतर कोरड्या शीट एकमेकींना चिकटतात आणि मग अंधारात सुटता सुटत नाहीत. आणखी एक, पहिली शीट पालथी न करता अर्धा फेरा फिरवून ठेव म्हणजे तिच्या कडेची ओळखीची खाच बाकीच्यांच्या विरुद्ध टोकाला येईल. खालची काढून वर ठेवत गेलास की बोटाला ती खाच लागली म्हणजे एक फेरी झाली, मोजत बसावं लागत नाही.