मदत हवी आहे: काकांचं पिस्तूल विकायचंय, किती यायला हवेत?

दौलतगंजकर: ग्वाल्हेरात कोणाला जुन्या पिस्तुलांचे भाव माहीत आहेत का, लवकर सांगा प्लीज. .३२ बोअरचं (गोळीचं माप) आहे, काकांचं, कंडिशन एकदम मस्त. डीलर फोनवर चाळीस हजार म्हणाला आणि भाऊजी म्हणतायत दोन लाखाच्या खाली देऊच नका. काकूंना पैशाची गरज आहे, परवा त्याला हो-नाही कळवायचंय.

मोरारचे आबा: कंपनी कोणती? देशी की इंपोर्टेड? स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, काय कोरलंय ते लिही, नंबर मात्र इथे टाकू नकोस.

मीरा_थाटीपूर: आणि लायसन कोणाच्या नावावर?

अशनीवाला: माझं ऐका, मी आपल्या सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं अशनी पिस्तूल वापरतो, पार्ट मिळतात, कटकट नाही. जुन्या विलायती मालाची स्प्रिंग गेली की बसा शोधत. चाळीस मिळतायत तर देऊन टाका.

मोरारचे आबा: अहो, त्याला घ्यायचं नाहीये, विकायचंय! आणि सामान्य लायसनवाल्यांसाठी परदेशी पिस्तुलांची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली, जो माल आहे तोच फिरतोय, म्हणून तर भाव आहे.

दौलतगंजकर: वाद नंतर घाला ना. वाल्थर, उल्म, मॉडेल पीपी, कॅल ७.६५ असं लिहिलंय. भाऊजी म्हणतात ७.६५ म्हणजे .३२ नाहीच. मग हे काय आहे?

मोरारचे आबा: एकच रे, .३२ हे इंचातलं माप, ७.६५ मिलिमीटरमधलं; .३२ ची गोळी म्हणजेच ७.६५ ब्राउनिंग. उल्म हे जर्मनीतल्या कारखान्याचं गाव, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरचं, आधीच्यांवर त्सेला-मेलिस हे जुनं गाव असतं. चांगली वस्तू आहे. नळीत गंजाचे खड्डे आहेत का, ब्लूइंग (पोलादावरचा काळा-निळा थर) मूळचं आहे का, मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) कंपनीचं आहे का, यावर भाव ठरतो. घासून चमकवू नका, पॉलिश केलेल्याचे पैसे कमी येतात. न बघता फोनवर सांगितलेला चाळीस हा भावच नव्हे, दोन-तीन डीलरना प्रत्यक्ष दाखवा.

दौलतगंजकर: मॅगझिन एकच आहे. लायसन काकांच्या नावावरच, ते मार्चमध्ये गेले. पिस्तूल काकूंच्या कपाटात कुलपात आहे.

मीरा_थाटीपूर: मग भाव राहू दे, आधी हे ऐक. मी वकिली करते. लायसनधारक गेल्यावर ते घरात ठेवता येत नाही. आर्म्स ॲक्ट कलम २१, विनाविलंब पोलीस थान्यात किंवा लायसन असलेल्या डीलरकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची. जमा केल्याने हक्क जात नाही, वारस म्हणून काकू ते पात्र लायसनवाल्याला विकू शकतात, पैसे काकूंचेच. मुदतीत काही केलं नाही तर मात्र सरकारजमा होतं.

मोरारचे आबा: मीराताई बरोबर बोलतायत. शिवाय २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे लायसनवर जागा रिकामी असलेलं गिऱ्हाईक सहज मिळत नाही आणि डीलर त्याच जोरावर पाडून मागतो. एकरकमी देऊ नका, त्याच्याकडे जमा ठेवून कमिशनवर विकायला सांगा.

दौलतगंजकर: बरं. पण थान्यात मी घेऊन जाऊ का? वाटेत अडवलं तर?

मीरा_थाटीपूर: तू हातही लावू नकोस. काकांचं लायसन आणि मृत्यूचा दाखला घेऊन आधी थान्यात जा, पिस्तूल कसं आणायचं ते तेच सांगतील.